सैतानाला सूर का नाही?

ऱ्हाइनकाठच्या रुपर्ट्सबर्ग मठाची अध्यक्षा हिल्डेगार्ड हिने 1151 च्या सुमारास ‘ओर्दो विर्तुतुम’ हे लॅटिन संगीतनाट्य रचले. त्यात विनय, शुचिता, विजय आदी सद्गुण गातात, मोहाला भुलून दूर गेलेला आणि घायाळ होऊन परतलेला जीवात्माही गातो; सैतानाच्या वाट्याला मात्र तिने एकही स्वर ठेवलेला नाही, तो नुसता ओरडतो. छापील संहितेत ही गोष्ट नजरेतून सहज निसटते. परंतु बार्बरा थॉर्न्टन आणि बेंजामिन बॅग्बी यांच्या ‘सेक्वेन्शिया’ या वृंदाचे 1982 चे ध्वनिमुद्रण ऐकताना, लांबच लांब स्वरावलींत मन स्थिरावले असतानाच तो कोरडा आवाज मध्ये घुसतो, आणि दुष्टता ही स्वतंत्र शक्ती नसून केवळ उणीव आहे, हे संत ऑगस्टीनचे तत्त्व आधी कानाला पटते व मग बुद्धीला.

येथे एक शंका उद्भवते, आणि ती क्षुल्लक नाही. मोह तर नेहमी गोड गळ्यानेच बोलावतो. मग भुलवणाऱ्यालाच सूर नाकारणे हा अनुभवाचा अपलाप नव्हे काय? मला वाटते, हिल्डेगार्डच्या लेखी आपला स्वर दुसऱ्याच्या स्वराशी जुळवून घेण्याची तयारी म्हणजे गाणे, आणि नेमकी तीच सैतानापाशी नाही. तिच्या पोथीत स्वरांची उंची लिहिलेली आहे, कालमान लिहिलेले नाही. त्यामुळे आजच्या गायिकांना कोणता स्वर किती वेळ धरायचा हे एकमेकींचा श्वास ऐकूनच ठरवावे लागते. (वाद्यांची योजना पोथीत नाही, ध्वनिमुद्रणात जेथे वाद्ये थांबून केवळ कंठ उरतात, त्या जागा मला अधिक पवित्र वाटतात.)

गाण्यावरील तिच्या या श्रद्धेची पुढे कसोटी लागली. धर्मबहिष्कृत ठरलेल्या एका उमरावाला मठाच्या दफनभूमीत जागा दिली म्हणून 1178 साली माइन्झच्या धर्माधिकाऱ्यांनी मठातील गायनावर मनाईहुकूम बजावला, आणि दारे लावून हलक्या आवाजात प्रार्थना वाचण्याची तेवढी मुभा ठेवली. त्या माणसाला मृत्यूपूर्वी क्षमा मिळाली होती असे सांगून 80 वर्षांच्या हिल्डेगार्डने प्रेत उकरून काढण्यास नकार दिला, गायनाची बंदी मात्र पाळली, आणि धर्माधिकाऱ्यांकडे जी कैफियत लिहून धाडली तीत असे मांडले की पतनापूर्वी आदमचा स्वर देवदूतांच्या स्वरात मिसळत होता, मनुष्याचे गाणे ही त्याचीच स्मृती आहे, ते सैतानाला सहन होत नाही, आणि सबळ कारणावाचून ईश्वराची स्तुती बंद पाडणाऱ्यांना स्वर्गातील स्तुतिगानात वाटा मिळणार नाही.

मनाई 1179 साली उठली. त्याच वर्षी 17 सप्टेंबरला तिने देह ठेवला.