गेलेल्याचा नकार

केमोथेरपीने वंध्यत्व येऊ शकते, म्हणून तरुण रुग्णाला उपचारांआधी वीर्य गोठवून ठेवायला सुचवतात. तेव्हा संमतीपत्र भरावे लागते. आपण दगावलो तर नमुन्याचे काय करायचे, हेही त्यात असते. मुंबईत एका अविवाहित तरुणाने तो नष्ट करावा, असे लिहून दिले होते. 2025 मध्ये तो गेला. वंश चालावा म्हणून त्याची आई उच्च न्यायालयात गेली. घरच्यांना न विचारता त्याने सही केली, असे तिचे म्हणणे. नमुनाच उरला नाही तर दाद कसली मागायची, म्हणून त्या जूनमध्ये न्यायालयाने तो तूर्त जपायला सांगितले.

वंशाची ही आस जुनीच. नागपूरकर भोसल्यांचे तिसरे रघूजी 11 डिसेंबर 1853 ला निपुत्रिक वारले. नवऱ्याच्या पश्चात विधवेने दत्तक घेणे मराठी मुलखात रूढ होते. डलहौसीने ते जुमानले नाही. 1854 मध्ये राज्य खालसा झाले. पण दत्तक मुलगा निदान जन्मलेला तरी असतो.

त्यापेक्षा महाभारतातल्या सत्यवतीची गोष्ट या आईच्या जवळची आहे. मुलगा विचित्रवीर्य गेल्यावर नातवंडांसाठी तिने व्यासांना बोलावले. येणार कोण, याची सून अंबिकेला नीट कल्पनाही नव्हती. व्यासांना पाहताच तिने डोळे मिटून घेतले. अंबालिका पांढरीफटक पडली. सासूचे दुःख खरेच होते, पण त्याचा भार सुनांनी वाहिला. गेलेल्याला काय हवे होते, हा प्रश्न तर निघालाच नाही.

आता तो निघतो. 4 ऑक्टोबर 2024 ला दिल्ली उच्च न्यायालयाने एका मृत अविवाहित तरुणाचे वीर्य आईवडिलांना द्यायला सांगितले. संमती दिसत असेल तर कायद्याची आडकाठी नाही, असे म्हटले. पुण्यात 2018 मध्ये एका शिक्षिकेला गेलेल्या मुलाच्या वीर्यातून, सरोगसीने, जुळी नातवंडे झाली. नातवाला तिने मुलाचेच नाव ठेवले. तिची माया कळते, तरी जीव अडखळतो: जन्मताच त्या बाळावर दुसऱ्याची जागा भरायचे काम आले.

कायद्यातही त्याची जागा पक्की नाही. 1956 चा हिंदू उत्तराधिकार कायदा बाप वारला तेव्हा गर्भात असलेल्या मुलाला वारसा देतो. गर्भच नंतर राहिला, तर ते कलम कामी येत नाही.

मुंबईच्या मुलाने स्पष्ट नकार लिहिला आहे. आईचे दुःख कितीही मोठे असले, तरी तो मोडू नये. मात्र संमतीपत्रावर सही घेताना, रुग्णाची हरकत नसेल तर, घरच्यांनाही शेजारी बसवावे; मूल झालेच तर वाढवणार कोण, हे तिथेच विचारावे.