पाया पडणे आणि सोबत चालणे

माउली, दिंडीत आपण एकमेकांच्या पाया पडतो. समोरचा कोण, कुठला, काय करतो, हे विचारत नाही. त्याच्यात पांडुरंग आहे, एवढे आपल्याला पुरते. मग गावच्या पारावर एकटाच पुटपुटत बसलेला, अंघोळीचे भान नसलेला तरुण दिसला की हेच हात आखडतात का? त्याच्यातला पांडुरंग कुठे गेला?

या आजाराला स्किझोफ्रेनिया म्हणतात. जगात साधारण 300 माणसांमागे एकाला तो असतो. जवळ कोणी नसताना आवाज ऐकू येतात, लोक आपल्यावर टपले आहेत अशी खात्री वाटते, कशातच मन लागत नाही. तो बहुधा ऐन तारुण्यात सुरू होतो. करणीने होत नाही, आईबापांच्या संस्कारात खोट होती म्हणूनही होत नाही.

कोणी म्हणेल, हे त्याचे प्रारब्ध. पण प्रारब्धाचा विचार स्वतःचे दुःख सोसताना धीर धरण्यासाठी आहे, दुसऱ्याच्या दुःखावरून हात झटकण्यासाठी नाही. दुसरा म्हणेल, संतांनाही लोक वेडे म्हणाले. हा देवाचा माणूस, राहू द्या देवळात. ऐकायला हे गोड आहे. पण संतांचे वेड त्यांना माणसांजवळ घेऊन गेले. हा आजार माणसाला माणसांपासून तोडतो. त्याला देवाचा म्हणायचे आणि औषधाविना सोडायचे, ही भक्ती नव्हे.

मग करायचे काय? नीरास्नान झाल्यावर माउलींची पालखी ज्या सातारा जिल्ह्यात प्रवेश करते, त्या जिल्ह्यात तसेच गोव्यात आणि तमिळनाडूत मिळून 282 रुग्णांचा एक अभ्यास झाला. त्याचे निष्कर्ष 2014 मध्ये प्रसिद्ध झाले. काही रुग्णांना केवळ दवाखान्याचे उपचार मिळाले. बाकीच्यांकडे त्याच्या जोडीला प्रशिक्षण घेतलेले कार्यकर्ते जात राहिले. हे कार्यकर्ते डॉक्टर नव्हते, साधी माणसे होती. गोळ्या चुकू न देणे, घरच्यांना आजार समजावणे, रोजचे व्यवहार आणि कामधंदा पुन्हा सुरू करायला मदत करणे, हे त्यांचे काम. वर्षभराने त्यांच्या रुग्णांचा त्रास इतरांपेक्षा थोडा अधिक कमी झाला होता. थोडाच, चमत्कार नव्हे. पण ज्या घरात तो तरुण पुन्हा ताटावर येऊन बसला, त्या घराला या थोड्याची किंमत विचारा.

या शिक्षणातला एक धडा आपल्यालाही घेण्यासारखा आहे. रुग्ण म्हणतो, "ते मला मारायला येताहेत." आपण "हो" म्हणालो तर ते असत्य. "तुझं डोकं फिरलंय" म्हणालो तर ते निर्दय. सत्य सांभाळावे की दया? शिकलेली ताई म्हणते, "दादा, मला तो आवाज ऐकू येत नाही. पण तुम्ही घाबरलात हे दिसतंय. मी बसते इथं." तिने काही खोटे सांगितले नाही आणि त्याला एकटेही सोडले नाही. भास खरा नसतो, भीती मात्र खरी असते. जे खरे आहे, त्याच्याजवळ ती बसली.

म्हणून सज्जनहो, एवढे करू या. माळ घातली म्हणून किंवा एकादशी आहे म्हणून कोणाला गोळ्या बंद करायला सांगू नये. उपवासात त्या कशा घ्याव्यात, हे डॉक्टरांना विचारावे. नाम मनाला आधार देते, पण ते औषधाशी भांडत नाही. कोणाला साखळीने बांधले असेल तर ते सोडवावे. 2017 च्या कायद्याने तशी मनाई केली आहे. कुठे जावे ते कळत नसेल, तर 14416 या टेलिमानसच्या क्रमांकावर फोन करावा, तो मोफत आहे. आणि त्या आईला विचारावे, "आज तुम्ही जेवलात का?"

पाया पडायला क्षण पुरतो. सोबत चालायला वर्षे लागतात, आणि चाल मागच्याच्या पायाने ठरवावी लागते. दिंडी आपल्याला हेच शिकवत आली आहे.

रामकृष्ण हरी.