स्वस्त कपड्याचे ऋण

परदेशातील स्वस्त मालामुळे एखाद्याच्या हातचे काम गेले, तर अपराध कोणाचा, हा प्रश्न दिसतो तितका सोपा नाही. अमेरिकेतील शिवणकामाच्या कारखान्यांचे उदाहरण घेऊन आपण त्याचा विचार करू.

इ. स. १९९० च्या सुमारास त्या देशात कपडे तयार करण्याच्या धंद्यात सुमारे नऊ लाख माणसे होती; २०११ साली ती दीड लाखाच्या आसपास उरली. यंत्रांमुळेही काही कामे गेली. तथापि मुख्य कारण मेक्सिको, चीन, बांगलादेश इत्यादी देशांतून येणारा स्वस्त माल हे होय. अशा आयातीस मर्यादा घालण्याची मुभा १९७४ पासून एका आंतरराष्ट्रीय कराराने दिली होती. ती व्यवस्था १ जानेवारी २००५ रोजी संपली.

काम गेलेली बाई कदाचित म्हणेल की, ढाक्याच्या मुलीने माझ्या तोंडचा घास नेला. परंतु ती मुलगी चोर आहे काय? तीही घरच्यांचे पोट भरावयासच यंत्रापुढे बसली. शिवाय स्वस्ताईची किंमत तिच्यासारख्यांनीही भरली. २४ एप्रिल २०१३ रोजी ढाक्याजवळ सावर येथे राणा प्लाझा ही इमारत कोसळून ११३४ माणसे मेली. आदल्या दिवशी तडे दिसले असताही त्यांस कामावर बोलाविले होते.

मग परका माल अडवावा काय? तसे केल्यास ढाक्यातील चूल विझेल, आणि अमेरिकेतील गरिबासही सदरा महाग पडेल. परंतु एवढ्यावरून सर्वांचे भले झाले, असे म्हणणे न्याय्य नव्हे. स्वस्ताईचा लाभ कोट्यवधी गिऱ्हाइकांस थोडाथोडा मिळाला, व्यापाऱ्यांस पुष्कळ मिळाला. तोटा मात्र थोड्यांच्याच माथी सगळा पडला. ज्या लाभापायी दुसऱ्याचा संसार मोडतो, तो लाभ फुकटचा नव्हे. ते ऋण होय.

अमेरिकेने १९६२ च्या कायद्याने हे ऋण काही अंशी मान्य केले. परदेशी मालामुळे बेकार झालेल्यांस नवे काम शिकविण्याची व तोवर निर्वाहास साहाय्य देण्याची तजवीज झाली. पुढे १ जुलै २०२२ रोजी त्या योजनेची मुदत सरली आणि नवे अर्ज मंजूर होणे थांबले. स्वस्त माल मात्र येतच राहिला.

वाचकहो, भीक देणे हे देणाऱ्याच्या मर्जीवर असते. ऋण फेडणे मर्जीवर नसते. सदरा स्वस्तात घेणे पाप नव्हे. परंतु तो स्वस्त झाल्यामुळे जिचे काम गेले, तिला भिकारीण समजणे हा अन्याय आहे. ती आपली धनको आहे.