आधी खोकं काढ!

खोडरबर खाली ठेव आणि ऐक.

हे काय काढलंयस? प्रीमियर पद्मिनी, मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी. पुढची जाळी सुरेख. हेडलाइटच्या काचेवरच्या बारीक रेघासुद्धा सोडल्या नाहीस. नंबरप्लेटवरचे आकडे छापल्यासारखे. आणि गाडी? गाडी कलंडलीय. मागचं चाक रस्त्याला टेकतच नाही. टपाची रेघ एकीकडे धावते, बंपरची दुसरीकडे. जाळीवर रात्र घालवलीस आणि सांगाडा पाच मिनिटांत उरकलास. हे मला विचारावं लागत नाही, कागदच सांगतो.

तुला येत नसतं तर मी एक शब्द बोललो नसतो. शेजारी बसून शिकवलं असतं. पण तू कला संचालनालयाची एलिमेंटरी दिलीस, इंटरमीजिएट दिलीस, ‘अ’ श्रेणी घेऊन आलास. ठोकळा, बादली, तांब्या तुला नीट काढता येत होते. बादलीचं गोल तोंड लंबवर्तुळ दिसतं, हे तुला ठाऊक आहे. मग चाकाचं काय वेगळं असतं? सर्टिफिकेट भिंतीवर टांगलंस, तेव्हा शिकलेलंही तिथेच टांगून ठेवलंस का?

‘गाडी अवघड असते, सर.’ असते ना! म्हणून तर आधी खोकं काढायचं. खालचं लांब, वरचं आखूड. डोळ्यांच्या पातळीची रेषा आखायची. या गाडीची उंची दीड मीटरहून किंचित कमी. उभ्या माणसाची नजर टपाच्या जरा वरून जाते. म्हणजे बंपर, दाराची खालची कड, चाकांचा तळ या मागे जाणाऱ्या रेघा त्या पातळीकडे चढत जाणार आणि टपाची कड जवळजवळ सपाट दिसणार. तुझ्या चित्रात टपच घसरगुंडीसारखा उतरलाय. यथार्थदर्शन तुला समजत नाही असं नाही. खोकं काढलं की चूक लगेच उघडी पडते, आणि तुला ती बघायची नाही. म्हणून तू जाळीमागे लपतोस.

मोजलंस का कधी? पद्मिनीच्या पुढच्या आणि मागच्या चाकांच्या केंद्रांमधलं अंतर 2340 मिलिमीटर. बाजूने बघितलं तर त्यात चाकाचे साधारण पावणेचार व्यास बसतात. हात ताठ धरून, एक डोळा मिटून, पेन्सिलीवर अंगठा सरकवून मोजायला किती वेळ लागतो? तुझ्या चित्रात अडीचच बसतात. मग गाडी आखूड दिसते, तू डिकी लांबवतोस, आणि एक चूक झाकायला दुसरी करतोस.

चाकांचं तर विचारूच नकोस. लंबवर्तुळाची आखूड मध्यरेषा ॲक्सलच्या दिशेने जाते, लांब मध्यरेषा तिला काटकोनात असते. मागे जाणाऱ्या बाजूवरचं लांबचं चाक नुसतं लहान नसतं, अरुंदही दिसतं. तू दोन्ही चाकं एकाच मापाची काढलीस. का? कारण एक काढून झालं होतं आणि दुसरं बघायचा कंटाळा आला.

‘पेन्सिली चांगल्या नव्हत्या.’ पुन्हा तेच खापर! अरे, ग्रॅफाइटमध्ये माती मिसळून पेन्सिलीचा कठीणपणा कमी-जास्त करायची युक्ती कोंते नावाच्या माणसाने 1795 मध्ये पेटंट केली. माती जास्त, तर रेघ कठीण आणि फिकट. ग्रॅफाइट जास्त, तर मऊ आणि गडद. तुझ्या दप्तरात 2एच आहे, एचबी आहे, 4बी आहे. यापेक्षा जास्त काय हवंय? परदेशी डबा आणलास तरी तो तुझ्या वतीने बघणार नाही.

‘आता या टॅक्स्या बघायला कुठे मिळतात?’ वीस वर्षांच्या वयोमर्यादेमुळे ऑक्टोबर 2023 मध्ये शेवटची पद्मिनी मुंबईच्या टॅक्सीसेवेतून गेली, हे खरं. पण तुझ्या इमारतीखाली ज्या गाड्या उभ्या आहेत, त्यांना चाकं नाहीत का? त्यातली एक तरी समोर बसून काढलीस? नाही. अंथरुणात पडून मोबाइलवरचा फोटो मोठा करतोस. तो फोटोही जवळून घेतलेला, म्हणून अलीकडचा दिवा फुगलाय आणि मागची बाजू आक्रसलीय. ती विकृतीही तू इमानेइतबारे उतरवलीस. फोटोच वापरायचा तर दूर उभं राहून, झूम करून घेतलेला वापर.

आणि हे काळं काय फासलंयस? गाडी काळी म्हणून सगळीकडे 4बी रगडलीस, वर बोटाने पुसलीस. दाबून भरलेलं ग्रॅफाइट चकाकतं आणि गडदपणाच मरतो. काळा रंग हलक्या थरांनी चढवायचा. चकचकीत पत्रा आरशासारखा वागतो. बॉनेटच्या वरच्या भागात आभाळ उतरतं, तिथे काळी गाडीसुद्धा उजळ दिसते. दारांच्या खालच्या भागात रस्ता उतरतो. चकाकी कोऱ्या कागदाची असते, ती सुरुवातीपासून राखून ठेवावी लागते. सर्वांत गडद जागा असते ती गाडीच्या पोटाखाली, टायर टेकतात तिथे. नेमकी तीच तू फिकट सोडलीस, म्हणून गाडी तरंगते. बोटाने पुसणं म्हणजे शेडिंग नव्हे. ती न बघितलेल्या गोष्टीवरची सारवासारव आहे.

कोणाला फसवतोयस? बघणारे ‘वा!’ म्हणतात, कारण ते जाळी बघतात. तुला मात्र चित्र पूर्ण होण्याआधीच कळलेलं असतं. खोटं वाटत असेल तर हे चित्र आरशासमोर धर. कललेली गाडी तुझ्याच डोळ्यांना टोचेल. तरीही तू पुढे रंगवत राहतोस. हा आळस आहे, आणि त्याला तू ‘माझी शैली’ म्हणतोस. शैली नंतर येते. आधी गाडी चार चाकांवर उभी राहू दे.

आता नवा कागद घे. खाली जा, मिळेल त्या गाडीसमोर बस. फक्त खोकं आणि चार चाकं काढ, तीही 2एचने. दिवे नाहीत, जाळी नाही, शेडिंग नाही. चाकं जमिनीला टेकेपर्यंत दुसरं काही काढायचं नाही. तुझा हात चांगला आहे, म्हणूनच मी इतकं बोलतोय. कामचुकार डोळ्यांपायी तो वाया घालवू नकोस. ऊठ!