आईचा अर्ज, मुलाची साक्ष



आजारी आई-वडिलांसाठी शासनाच्या अर्थसाहाय्याचा अर्ज करणे ही त्यांची सेवा आहे, की आपल्या कर्तव्यातून शोधलेली पळवाट? जुम्म्याच्या नमाजनंतर कागदांची पिशवी घेऊन थांबणारे लोक हा प्रश्न दोन तऱ्हांनी विचारतात. काहीजण विचारतात, ‘हा पैसा घेणे म्हणजे हात पसरणे तर नव्हे?’ दुसरे काही आवाज खाली आणून विचारतात, ‘उत्पन्न थोडे कमी दाखवले तर चालेल का?’ पहिल्याला आईचा हक्क मागण्याची लाज वाटते, दुसऱ्याला तो मिळवण्यासाठी खोटे बोलण्याची लाज वाटेनाशी झाली आहे. दोघांच्याही ध्यानात न आलेली गोष्ट एकच आहे : अर्ज ही साक्ष असते.

आधी वस्तुस्थिती पाहू. महाराष्ट्रात १९८० पासून संजय गांधी निराधार अनुदान योजना चालू आहे. चाळीस टक्के वा अधिक अपंगत्व असलेले, तसेच पक्षाघात, कर्करोग, क्षयरोग, कुष्ठरोग यांसारख्या आजारांमुळे चरितार्थ चालवू न शकणारे स्त्री-पुरुष तिच्या कक्षेत येतात. पासष्ट वर्षांनंतर श्रावणबाळ योजना आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने दिव्यांगत्वाचे २१ प्रकार मानले आणि त्यांत सिकलसेल व पार्किन्सन यांसारख्या दीर्घ आजारांचाही समावेश केला. सिकलसेलचा उपद्रव ज्या विदर्भात फार, त्यातल्या आपल्या गोंदिया जिल्ह्यासाठी ही मोठीच गोष्ट आहे. २०२५ मध्ये दिव्यांग लाभार्थ्यांचे मासिक साहाय्य १,५०० वरून २,५०० रुपये करण्याचा निर्णय झाला. औषध, रिक्षाभाडे आणि दुधाचा हिशेब मांडणाऱ्या घरात ही रक्कम लहान नाही.

मात्र ती मिळण्याआधी अपंगत्वाचे प्रमाणपत्र, उत्पन्नाचा दाखला, रहिवासाचा पुरावा, आधारला जोडलेले बँक खाते आणि पुढे दरवर्षी हयातीचा दाखला लागतो. देवरी किंवा सालेकसा तालुक्यातल्या आडगावाहून निघालेल्या, चार पावलांवर दम लागणाऱ्या माणसाला ही वाट एकट्याने चालता येत नाही. कोणीतरी सोबत लागते आणि ते कोणीतरी म्हणजे मुलगा वा मुलगी.

आता पहिला प्रश्न. दुर्बलाला सार्वजनिक कोषातून मिळणारे साहाय्य ही भीक आहे का? पवित्र कुरआनने संपन्नांच्या मालमत्तेत मागणाऱ्याचा आणि वंचिताचा ठरलेला हक्क सांगितला आहे (७०:२४-२५). तिथे उपकाराची भाषा नाही, हक्काची आहे. इमाम अबू यूसुफ (रह.) यांनी ‘किताबुल खराज’मध्ये नोंदवलेली घटना प्रसिद्ध आहे. खलीफा हजरत उमर (रजि.) यांना एक वृद्ध, अंध यहुदी दारोदार मागताना दिसला. त्यांनी त्याला आपल्या घरी नेऊन काही दिले. मग बैतुलमालच्या अधिकाऱ्याकडे पाठवून त्याच्यासाठी व त्याच्यासारख्यांसाठी व्यवस्था करायला सांगितले आणि त्याचा जिझियाही माफ केला. वैयक्तिक दान करून ते थांबले नाहीत. तरुणपणी ज्याच्याकडून राज्याने घेतले, त्याला म्हातारपणी वाऱ्यावर सोडणे हा अन्याय आहे, असे त्यांनी मानले. विड्या वळून, धानाच्या बांधीत वाकून, राईस मिलमध्ये पोती वाहून ज्यांनी आयुष्य झिजवले, त्यांनाही हाच न्याय लागू होतो.

यावर कोणी हजरत हकीम बिन हिजाम (रजि.) यांचा दाखला देईल. प्रेषितांनी (स.) देणारा हात घेणाऱ्या हातापेक्षा श्रेष्ठ असल्याचे त्यांना सांगितले, तेव्हा यापुढे कोणाकडून काही घेणार नाही असे त्यांनी ठरवले. पुढे हजरत उमर (रजि.) त्यांचा वाटा देऊ लागले, तो त्यांनी नाकारला. तेव्हा उमर (रजि.) यांनी लोकांना साक्षी ठेवले की, मी यांचा हक्क यांना देऊ करीत आहे. यातून दोन गोष्टी कळतात. तो वाटा हक्कच होता, आणि हकीम (रजि.) यांनी स्वतःचा हक्क सोडला, दुसऱ्या कोणाचा नाही. आईने आपणहून ‘मला नको’ म्हटले, तर तो तिचा स्वाभिमान आहे. पण ‘लोक काय म्हणतील’ या भीतीने मुलगाच आईचा हक्क सोडून देतो, तेव्हा तो दुसऱ्याच्या मालकीची वस्तू परस्पर दान करीत असतो.

येथून आपण साक्षीकडे येतो. सूरह अन्-निसामध्ये (४:१३५) ईमानधारकांना आज्ञा आहे की, न्यायावर ठाम राहून अल्लाहसाठी साक्ष द्या, मग ती स्वतःच्या, आई-वडिलांच्या वा नातलगांच्या विरुद्ध का जाईना. साक्ष लपवण्याबद्दल सूरह अल्-बकरामध्ये (२:२८३) कडक ताकीद आहे. म्हणजे साक्षीत दोन बाजूंनी खोट येऊ शकते : असलेले लपवून आणि नसलेले सांगून.

असलेले लपवले जाते ते बहुधा प्रेमापोटी आणि संकोचापोटी. सिकलसेलमध्ये रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि हाडे फुटत असल्यासारख्या वेदना उठतात. वेदनेचा हल्ला ओसरला की तोच माणूस चारचौघांसारखा दिसतो. तपासणीच्या दिवशी आई नीट पातळ नेसते, डॉक्टरांसमोर सावरून बसते आणि ‘कशा आहात?’ या प्रश्नावर ‘अल्हम्दुलिल्लाह, बरी आहे’ म्हणते. तिचे हे उत्तर अल्लाहच्या दरबारात कृतज्ञता आहे, पण वैद्यकीय मंडळासमोर तो अपुरा पुरावा ठरतो. मागच्या महिन्यात ती किती रात्री झोपली नाही, किती वेळा रुग्णालयात भरती झाली, न्हाणीपर्यंत कोणाच्या आधाराने गेली, हे शेजारी बसलेल्या मुलाने सांगायचे असते. जुने कागद तारखेनुसार लावून ठेवणे आणि दुखण्याची नोंद ठेवणे हीदेखील आई-वडिलांशी केलेली भलाईच आहे. मात्र आईला विचारून, तिचा संकोच राखून. ती तक्रार करीत नाही आणि आपणही तिला कण्हायला लावायचे नाही. जे पाहिले ते सांगायचे.

नसलेले सांगण्याचा प्रकार अधिक गंभीर आहे. दिव्यांगांसाठी या योजनेत कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा पन्नास हजार रुपये आहे, म्हणजे महिन्याला सव्वाचार हजारांच्या आत. मग कोणी सुचवतो, ‘आईचे रेशनकार्ड वेगळे काढा, ती एकटी राहते असे लिहा.’ आई त्याच घरात, त्याच चुलीवरचे जेवत असते. कागदावर मात्र तिला मुलगाच उरत नाही. बुखारी व मुस्लिम यांनी नोंदवलेल्या हदीसमध्ये प्रेषितांनी (स.) सर्वांत मोठी पापे सांगताना शिर्कनंतर आई-वडिलांची अवज्ञा सांगितली, मग टेकून बसलेले प्रेषित सरळ होऊन बसले आणि खोट्या साक्षीचा उल्लेख त्यांनी पुन्हा पुन्हा केला. ही दोन्ही पापे एका हदीसमध्ये शेजारी शेजारी आली आहेत. आई निराधार असल्याचे लिहून देणारा कमावता मुलगा एकाच सहीने दोन्हींच्या जवळ जातो.

तुम्ही म्हणाल, ‘ही मर्यादाच अन्यायाची आहे. रोजमजुरी करणाराही तिच्यात बसत नाही.’ आक्षेप रास्त आहे. पण मर्यादा कठोर असेल, तर ती वाढवण्याची मागणी ग्रामसभेत, निवेदनांतून, लोकप्रतिनिधींसमोर उघडपणे करता येते. खोट्या दाखल्याने मर्यादा बदलत नाही. उलट छाननी कडक होते आणि तिची झळ खऱ्या निराधाराला बसते.

तीच गोष्ट लाचेची. देणारा आणि घेणारा दोघांचाही प्रेषितांनी (स.) धिक्कार केला आहे. अर्ज भरून देणाऱ्याला कामाचा मोबदला देणे वेगळे आणि सही लवकर व्हावी म्हणून पाकीट देणे वेगळे. आपला न्याय्य हक्क अन्य कोणत्याही मार्गाने मिळत नसेल, तर दोष घेणाऱ्यावर, अशी सवलत अनेक फकीहांनी दिली आहे. पण ती शेवटचा दरवाजा म्हणून. २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याने अधिसूचित सेवांसाठी मुदत ठरवून अपिलाचा मार्ग दिला आहे. तो ठोठावण्याआधीच शेवटच्या दरवाजाकडे धावणे योग्य नव्हे.

समजा, पैसे मंजूर झाले. आता ते कोणाचे? खाते आईचे, रक्कम आईची. मुलगा तिचा वकील आणि अमीन आहे, वारस अजून नाही. बँकेत तिचा अंगठा लावून घेताना किती जमा झाले आणि किती काढले हे तिला सांगणे, ही अमानत आहे. तिला त्यातून नातवाला खाऊ द्यावासा वाटला वा मशिदीच्या पेटीत दहा रुपये टाकावेसे वाटले, तर तो तिचा अधिकार आहे.

आणि मुलाचे स्वतःचे देणे? शासनाने वृद्धांच्या निवृत्तिवेतनाला कावडीतून आई-वडिलांना वाहून नेणाऱ्या पुत्राचे नाव दिले आहे. ही कथा आपल्या मराठी घरांत सर्वांना ठाऊक असते. त्या नावातच कबुली आहे की, हे काम मुळात मुलाचे. राज्य फक्त खांदा देते. फिक्हचा नियमही तेच सांगतो. गरजू आई-वडिलांना आपली जकात देता येत नाही, कारण त्यांचा निर्वाह सक्षम अपत्यावर आधीच वाजिब आहे. स्वतःवरच्या कर्तव्याचा खर्च जकातीतून भागवणे म्हणजे स्वतःचाच खिसा वाचवणे होय. हीच कसोटी इथे लावा. अनुदान सुरू झाल्यावर आईच्या वाट्याला काही अधिक आले का, की तुमच्याकडून जाणारे तेवढे कमी झाले? तुमची ऐपत असूनही तेवढे कमी झाले असेल, तर साहाय्य आईला मिळाले नाही, तुम्हाला मिळाले.

शेवटी, जे कोणत्याही अर्जात लिहावे लागत नाही त्याबद्दल. सूरह बनी इस्राईलमध्ये (१७:२३-२४) म्हाताऱ्या आई-वडिलांसमोर ‘उफ’देखील न म्हणण्याची आणि नम्रतेने झुकून राहण्याची आज्ञा आहे. तहसील कार्यालयाच्या तिसऱ्या खेपेला कष्टाने झिजलेल्या बोटांचा ठसा यंत्रावर उमटत नाही, मागे रांग खोळंबते आणि आई ओशाळून तुमच्याकडे पाहते. त्या क्षणी तोंडातून ‘उफ’ निघू न देणे ही त्या दिवसाची सर्वांत अवघड इबादत असते. तिचा हात पुसा, बोट पुन्हा हलकेच यंत्रावर ठेवा.

अल्लाह आपणा सर्वांना आई-वडिलांचे खरे साक्षीदार आणि विश्वासू अमीन बनवो. आमीन.