इष्टतमतेचा निकष आणि ठाकूरदेवाचा डोंगर

प्रयोगांच्या संख्याशास्त्रीय आखणीत सर्वोत्तम ठरणाऱ्या आखणीला मराठीत 'इष्टतम' म्हणतात, आणि ज्या भाषेत इष्टदेवता आहे तिच्यात हा शब्द उच्चारताच 'कोणाला इष्ट' हा प्रश्न आपोआप उभा राहतो, ही मराठी परिभाषेची नकळत झालेली कमाई म्हटली पाहिजे. गडचिरोली जिल्ह्याच्या एटापल्ली तालुक्यातील सूरजागडचा डोंगर या प्रश्नाची परीक्षाच पाहतो, कारण तो लोहखनिजाचा साठा आहे, माडिया समाजाच्या ठाकूरदेवाचे स्थान आहे, तेथे दरवर्षी जानेवारीत यात्रा भरते, आणि तेथीलच ३४८.०९ हेक्टर क्षेत्राचा खाणपट्टा २००७ मध्ये दिला गेला.

अशा डोंगरावर लोहाचे प्रमाण जागोजाग कसे बदलते हे जाणायचे आहे, पण विंधनछिद्रे मोजकीच घेता येतात, असे समजले, तर ती कोठे घ्यावीत हे ठरवण्यापूर्वी एक प्रतिमान, म्हणजे स्थान आणि प्रमाण यांचे नाते मांडणारे समीकरण, गृहीत धरावे लागते. त्यातील अज्ञात स्थिरांकांना प्राचल म्हणतात, आणि त्यांचे अंदाज किती डळमळीत आहेत हे प्रचरण या मापाने कळते. परंतु प्राचल अनेक असले की 'सर्वांत कमी डळमळीत' या शब्दांना एकच अर्थ उरत नाही. डी-निकष सर्व प्राचलांच्या एकत्रित अनिश्चिततेचे घनफळ लहान करतो, ए-निकष प्रचरणांची सरासरी उतरवतो, तर ई-निकष ज्या दिशेला अनिश्चितता सर्वाधिक असेल तिलाच आवर घालतो. संख्याशास्त्रज्ञ कीफर आणि वोल्फोविट्झ यांनी १९६० मध्ये सिद्ध केले की डी-निकष आणि भाकिताचे कमाल प्रचरण किमान करणारा जी-निकष एकाच आखणीपाशी पोचतात. असा मेळ सर्व निकषांत मात्र नसतो, आणि त्यांतला कोणता घ्यावा हे निरीक्षणे सांगू शकत नाहीत. ती निवड हेतूवरूनच करावी लागते. भारतीय तर्कशास्त्राच्या न्यायसूत्रांतील सोळा पदार्थांत, म्हणजे विचाराच्या विषयांत, संशय आणि प्रयोजन (हेतू) हे निर्णयाच्या बरेच आधी येतात. निकष हे त्या प्रयोजनाचेच गणिती रूप होय.

याहून खोल अडचण प्रतिमानातच आहे. एका अक्षावर प्रमाण सरळ रेषेत बदलते असे गृहीत धरले, तर डी-निकषाने इष्टतम ठरणारी आखणी निम्मी निरीक्षणे एका टोकाला आणि निम्मी दुसऱ्या टोकाला घेते, मध्ये एकही घेत नाही, आणि त्यामुळे रेषा वस्तुतः वाकलेली असली तरी ते कधीच उघडकीस येत नाही. म्हणजे जी आखणी गृहीतकाशी सर्वांत एकनिष्ठ, तीच गृहीतकाची तपासणी टाळते. बॉक्स आणि ड्रेपर यांनी १९५९ मध्येच या धोक्याकडे लक्ष वेधले होते.

ठाकूरदेव हा प्राचल नव्हे. प्रतिमानात त्याला जागा द्यायचीच झाली, तर 'येथे छिद्र नको' अशा बंधनाच्या रूपाने देता येईल, आणि देवस्थानाभोवती चार हात सोडून उरलेल्या भूभागावर आखणी पुन्हा मांडता येईल. हा तोडगा गणिताला सोयीचा आहे, पण तो देव एका जागेपुरता आहे असे आधीच मानून चालतो. संपूर्ण डोंगरच देवाचा असेल, तर आखणीचे क्षेत्र रिकामे उरते, आणि रिकाम्या क्षेत्रावर कोणत्याही निकषाला किंमत काढता येत नाही. क्षेत्राची सीमा कोणी ठरवावी, हे या शास्त्रात बाहेरून दिलेले असते. ती बाहेरून कशी ठरते याचे एक उदाहरण आहे: ओडिशातील नियमगिरी डोंगरावरील प्रस्तावित खाणीच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये धार्मिक हक्कांचा प्रश्न ग्रामसभांकडे सोपवला, तेव्हा बाराही ग्रामसभांनी खाणीला नकार दिला.