घरच्या भांडणाचें सरकारी दप्तर

नवराबायकोचें भांडण घराच्या चार भिंतींत असतें तोंपर्यंत त्याला दप्तर नसतें. शेजारी कान देतात, सासर व माहेर आपापल्या बाजूची कथा रचतात, आणि वर्षा-दोन वर्षांनीं निम्मे तपशील विसरले जाऊन उरलेल्यांचें भलतेंच कांहीं होऊन बसतें. तेंच भांडण न्यायालयाची पायरी चढलें कीं त्याचा कागद होतो. कोणी कोणावर हात उगारला, कोणाची मिळकत किती, मूल कोणाजवळ राहूं इच्छितें, हें सारें तारीखवार लिहिलें जातें, त्यावर शिक्का बसतो, आणि तो कागद सरकारी कपाटांत जातो. मग तो कागद कोणाचा? ज्यांच्या संसाराची ती हकीकत आहे त्यांचा, निकाल देणाऱ्या न्यायासनाचा, कीं ज्यांच्या नांवानें न्यायदान चालतें त्या सर्व लोकांचा? प्रश्न वकिलांचा वाटतो. पण विचार करूं गेल्यास तो नीतीचा आहे. कायद्यानें तिन्ही उत्तरें निरनिराळ्या ठिकाणीं देऊन पाहिलीं आहेत, आणि तिन्हींत कोणाचें तरी मन पोळलें आहे.

अमेरिकेंतील एखाद्या लहानशा खेडवळ काउंटींत हा प्रश्न फारच बोचतो. काउंटी म्हणजे स्थूलमानानें आपला जिल्हा; परंतु आपल्या जिल्ह्याची लोकसंख्या मनांत धरून तिकडे पाहूं नये. टेक्सस राज्यांतील लव्हिंग काउंटींत २०२० सालच्या खानेसुमारींत ६४ माणसें मोजलीं गेलीं. (नांवाचा अर्थ ‘प्रेमळ’ असा होत असला तरी तें ऑलिव्हर लव्हिंग नांवाच्या, गुरांचे तांडे हांकणाऱ्या एका गृहस्थावरून पडलेलें आहे, त्यावरून तेथील संसारांविषयीं कांहीं अनुमान काढूं नये.) टेक्ससच्या राज्यघटनेप्रमाणें ८,००० हून कमी वस्तीच्या काउंटींत सामान्यतः एकच निवडून आलेला दप्तरदार दोन्ही दप्तरें सांभाळतो. जमिनीचीं खतें आणि लग्नाचे परवाने एका बाजूला, दाव्यांचीं कागदपत्रें दुसऱ्या बाजूला. म्हणजे ज्या मेजावर लग्नाचा परवाना मिळाला त्याच मेजावर घटस्फोटाच्या हुकुमाची नक्कल मागावयाची. दत्तकाचीं प्रकरणें झांकलेलीं असतात. पण घटस्फोटाचें दप्तर पाहूं मागणाऱ्यास ‘आपण त्यांचे कोण?’ असें विचारण्याची सर्वसाधारण रीत तेथें नाहीं.

यामागचें तत्त्व हलकें नव्हे. न्यायाधीश स्वतःच्या नांवानें बोलत नाहीं. म्हणून तो काय बोलला हें ज्याला पाहिजे त्याला पाहतां आलें पाहिजे. १९७८ सालीं अध्यक्ष निक्सन यांच्या ध्वनिफितींच्या दाव्यांत अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें, न्यायालयाचे कागद पाहण्याचा व उतरून घेण्याचा लोकांचा जुना हक्क मान्य केला. मात्र हा हक्क अमर्याद नाहीं हें सांगतांना त्यानें जो आधार घेतला तो लक्षांत ठेवण्याजोगा आहे. ऱ्होड आयलंड राज्यांतील १८९३ सालच्या एका निर्णयांत असें म्हटलें होतें कीं, घटस्फोटाच्या खटल्यांतील क्लेशदायक व किळसवाणे तपशील छापून कोणी आपला खासगी द्वेष शमवूं लागल्यास न्यायालयानें आपलें दप्तर त्याच्या हातीं देऊं नये. राष्ट्राध्यक्षाच्या फितींचा निकाल करतांना न्यायमूर्तींना दाखल्यासाठीं एका मोडक्या संसाराकडे जावें लागलें!

मोठ्या शहरांत उघडें दप्तरही एका अर्थीं झांकलेलेंच असतें. हजारों प्रकरणांच्या ढिगांत आपलें प्रकरण कोण शोधणार? १९८९ सालीं त्याच न्यायालयानें हें मर्म नेमकें ओळखलें. ठिकठिकाणच्या कचेऱ्यांत विखुरलेले कागद आणि त्यांचें एका यंत्रांत एकत्र केलेलें टांचण, या दोन वस्तू एक नव्हेत. विखुरलेपणामुळें मिळणारी आडोशाची जागा हीही एक मोलाची वस्तु आहे, असें त्या निकालाचें तात्पर्य. पण लहान गांवाला हा आडोसा यंत्र येण्यापूर्वींही कधीं नव्हता. तेथें वर्षाकाठीं होणारे घटस्फोट बोटांवर मोजावे, आणि दप्तर उघडण्यापूर्वींच त्यांतलीं नांवें तोंडपाठ असावीं, अशी स्थिति.

त्यांतून एक विलक्षण विषमता उत्पन्न होते, आणि तिची दखल कायदा घेत नाहीं. एखादी स्त्री घटस्फोटानंतर पुन्हां माहेरचें नांव लावूं इच्छिते, किंवा दुसरें लग्न करूं पाहते, किंवा मुलाच्या ताब्याचा हुकूम तिला शाळेंत दाखवावयाचा असतो. तिला खरी नक्कल पाहिजे. ती मागावयाची कोणाकडे? तर जी बाई दर रविवारीं चर्चमध्यें तिच्या मागच्या बांकावर बसते, किंवा जी तिच्या नवऱ्याची दूरची आप्त आहे, तिच्याकडे. दप्तरदारीण अत्यंत सभ्य असेल, एक अक्षरही बाहेर बोलणार नाहीं. तरी कागद काढतांना तिची नजर त्यावरून फिरणारच. कायद्यानें हक्क दिला, पण पाय उचलत नाहींत. उलट ज्याला केवळ कुतूहल आहे त्याला लाज नाहीं, म्हणून अडथळाही नाहीं. एकाच नियमानें दोघांना सारखें दार उघडलें, आणि त्यांतून आंत गेला तो बहुधा नको असलेला मनुष्य.

मग दार लावून घ्यावें काय? न्यूयॉर्क राज्यानें तसें केलें आहे. वैवाहिक दाव्यांतील तपशिलाचे कागद पक्षकार व त्यांचे वकील यांखेरीज इतरांस न्यायालयाच्या हुकुमाशिवाय शंभर वर्षें पाहतां येत नाहींत. हें कोणाही सभ्य गृहस्थाला पटेल. मलाही प्रथम पटतें. परंतु कुलुपांना एक वाईट खोड असते. मिनेसोटा राज्यानें १९१७ सालीं दत्तकाचीं दप्तरें परक्यांच्या नजरेआड केलीं. हेतु चांगला होता. मुलाला जन्मावरून कोणी हिणवूं नये एवढाच. संबंधित माणसांना तें कपाट तेव्हां उघडेंच होतें. पण पुढील कांहीं दशकांत राज्यामागून राज्यानें तें कुलूप आणखी एक फेरा फिरविलें, आणि ज्याच्या रक्षणासाठीं तें घातलें तें मूल वयांत आल्यावर स्वतःच्या जन्माचा मूळ दाखला मागूं लागलें, तर त्यालाच नकार मिळूं लागला. कॅन्सस व अलास्का एवढींच राज्यें या मार्गानें गेलीं नाहींत. ऑरेगॉनमध्यें १९९८ सालीं मतदारांनीं प्रत्यक्ष मत देऊन तो दाखला परत मिळविला. शेजाऱ्यासाठीं घातलेलें कुलूप घरच्या माणसावर पडलें, हें त्यांना कोणी अगोदर सांगितलें असतें तर खरें वाटलें नसतें.

याहून बोलका दाखला इंग्लंडचा आहे. स्कॉट नांवाच्या एका स्त्रीनें विवाह रद्द ठरविण्यासाठीं दावा आणला, आणि तो बंद दाराआड चालला. निकाल तिच्या बाजूनें झाला. पण दार बंद होतें तें न्यायालयाचें. लोकांच्या जिभा कशा बंद राहणार? आपल्याविषयीं भलतेंच बोललें जात आहे असें पाहून तिनें सुनावणीच्या नकला करवून सासऱ्यांना, नणंदेला व आणखी एका व्यक्तीला पाठविल्या. यावरून तिच्यावर न्यायालयाच्या बेअदबीचा ठपका आला! १९१३ सालीं उमरावांच्या सभेनें तो काढून टाकला, आणि उघड न्यायाचें तत्त्व सांगतांना आजही त्या निकालाचा उल्लेख होतो. तत्त्वाच्या गौरवांत मूळ बाई मात्र विसरली जाते. तिला जगासमोर कांहीं मांडावयाचें नव्हतें; तीन माणसांना खरें काय तें कळावें एवढीच तिची इच्छा होती.

मला या प्रश्नाचें मर्म येथें दिसतें. लहान गांवांत दप्तर झांकल्यानें गुप्तता मिळते ही समजूतच भोळेपणाची आहे. कुजबूज आधींच घरोघर पोंचलेली असते. झांकला जातो तो पुरावा. ज्याच्याविरुद्ध कुजबूज असते त्याच्या हातचें एकमेव साधन म्हणजे तो शिक्क्याचा कागद. तेंच काढून घेतलें तर उरतें काय? म्हणून ज्याच्या आयुष्याची ती हकीकत आहे त्याला ती कारण न विचारतां मिळावी, टपालानें मिळावी, ओळखीच्या मेजासमोर उभें न राहतां मिळावी, आणि ती कोणाला दाखवावयाची हें त्याचें त्यानें ठरवावें. मात्र दाखवितांना मुलाचें नांव झांकावें. तें मूल वादी नव्हे कीं प्रतिवादी नव्हे. परक्यानें कारण सांगावें. हें म्हणणें अमेरिकन वृत्तपत्रकारांना रुचणार नाहीं, आणि त्यांच्या शंकेंत अर्थ आहे: कारण योग्य कीं अयोग्य हें ठरविणार तोच न्यायाधीश, ज्याच्या कामाची तपासणी करावयाची आहे.

आपल्याकडे तर याचें उदाहरण घरचेंच आहे. १८८४ सालीं दादाजी भिकाजींनीं रखमाबाईंवर नांदावयास येण्याचा दावा लावला. १८८५ त न्यायमूर्ति पिन्हे यांनीं तो फेटाळला, अपिलांत तो निर्णय फिरला, आणि १८८७ त ‘नांदा, नाहीं तर सहा महिने तुरुंग’ असा हुकूम झाला. रखमाबाईंनीं तुरुंग पत्करतों असें सांगितलें. पुढें १८८८ त दोन हजार रुपये देऊन तडजोड झाली. हें सर्व बंद दाराआड झालें असतें तर तो दोन घरांचा वाद म्हणून विरला असता; १८९१ सालच्या संमतिवयाच्या कायद्यामागें या खटल्यानें उठलेलें वादळ होतें. तथापि त्या उघडेपणाची किंमत कोणी मोजली, हेंही त्यांचा गौरव करणाऱ्यांनीं आठवावें. वर्तमानपत्रांनीं त्या तरुण स्त्रीची जी निर्भर्त्सना केली ती सोसण्याचें धैर्य प्रत्येकीकडून मागण्याचा आपल्याला अधिकार नाहीं. १९८४ सालच्या कुटुंब न्यायालयांच्या कायद्यानें म्हणूनच, दोहोंपैकीं एका पक्षानें जरी इच्छा दर्शविली तरी सुनावणी बंद दाराआड झाली पाहिजे, असें ठरविलें. तें योग्यच झालें. निकालाचीं कारणें मात्र नांवें गाळून प्रसिद्ध व्हावीं, एवढें मी त्यांत जोडीन. आणि लगेच कबूल करीन कीं चौसष्ट माणसांच्या वस्तींत नांवें गाळून कांहीं साधत नाहीं. ‘दोन मुलांची आई, नवऱ्याचा गुरांचा धंदा’ एवढें म्हटलें कीं पुरे. तेथें थोडीं वर्षें थांबून, मुलें मोठीं झाल्यावर तो निकाल छापावा, याहून चांगला उपाय मला सुचत नाहीं.

त्याच १९८४ च्या कायद्यांत आणखी एक कलम आहे, त्याकडे कोणी फारसें पाहत नाहीं. साक्षीदाराची जबानी शब्दशः उतरून घेण्याची गरज नाहीं. न्यायाधीशानें तिच्या साराचें टिपण करावें आणि त्यावर साक्षीदाराची व स्वतःची सही असावी. काम लवकर व्हावें म्हणून तें ठीकच आहे. पण वीस वर्षांनीं एखादी स्त्री, आपण त्या दिवशीं नेमकें काय सांगितलें हें वाचण्यासाठीं आपल्याच जबानीची नक्कल मागते. आणि सर्व अर्ज-विनंत्या होऊन, फी भरून, शिक्का बसून जो कागद तिच्या हातीं पडतो, त्यांत तिचे शब्द नसतात. दुसऱ्या कोणाला त्यांतलें जें महत्त्वाचें वाटलें तें असतें, आणि खालीं तिची सही.